मुकादमाचा रकाना

माणूस चांगला असला की त्याच्याबरोबर काम करणं सोपं जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या सरांच्या हाताखाली एक आठवडा काढून बघावा. मी चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत मी पाच वेळा राजीनामा लिहिला, दोनदा दिला, आणि दोन्ही वेळा सरांनी तो लाल शाईनं तपासून परत केला. पहिल्यावर समासात ‘कावून?’ असं लिहिलं होतं. दुसऱ्यावर दोन वाक्यं खोडून लहान केली होती आणि खाली पुन्हा ‘कावून?’

कावून म्हणजे का. बीडकडच्या माणसाला हे सांगायला नको, आणि मी तर पाटोद्याची. पण सात वर्षं पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत घालवल्यावर हा शब्द माझ्या जिभेवरून उतरला होता. सरांनी तो दिवसातून पन्नासदा कानावर घालून परत चढवला. मी म्हणायचे, सर, इथं जन्मतारीख सक्तीची करू. कावून? सर, हा अहवाल शुक्रवारी पाठवायचाय. कावून? एकदा वैतागून म्हटलं, सर, मी आता घरी जाते. त्यावरही तेच. आणि त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं. हातातलं काम सोडून, मान जराशी वाकडी करून, उत्तर येईपर्यंत ते बघत बसायचे. जन्मतारीख सक्तीची कशासाठी? सगळीकडं असते, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या बायांची जन्मतारीख शाळेत कधी न गेल्यामुळं गुरुजींनी अंदाजानं लावलेली एक जून सुद्धा नसते.

सर पॅथॉलॉजीचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते आमच्या धर्मादाय दवाखान्यातल्या कॅन्सर नोंदणीच्या खोलीत येऊन बसले, ते बसलेच. कॅन्सर नोंदणी म्हणजे जिल्ह्यात कुणाला कुठला कॅन्सर झाला, कधी कळलं, उपचार घेतले का, आणि माणूस आज कसा आहे, हे वर्षानुवर्षं लिहीत राहायचं. संशोधन करणारे पुढं त्या नोंदींवरूनच बोलतात. नोंद कच्ची असेल तर त्यांचं बोलणंही कच्चं. सर हे सगळं हातानं कार्डांवर लिहीत. मग एका मोठ्या संस्थेनं अशा नोंदींसाठी संगणकावरची साधनं बनवायला फंड द्यायचं ठरवलं, पहिल्या टप्प्याचा फंड आम्हाला मिळाला, आणि त्या फंडावर मला नेमलं. आई पाटोद्याला एकटी होती, मला जवळ यायचंच होतं. समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या दिवशी सरांनी मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं. आत बुटांची खोकी रचलेली. प्रत्येक खोक्यावर एका माणसाचं नाव आणि एक आकडा. मी वही काढली, पेन काढलं आणि गंभीरपणे विचारलं की हा आठ आणि हा सात, हा कसला कोड आहे. सर म्हणाले, बुटाचा नंबर. नावं मात्र कामाची होती. ती रुग्णांची नव्हती, गावांचीही नव्हती. मुकादमांची होती.

आमच्या कितीतरी गावांतली घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी, तिला कोयता म्हणतात. असे दहा-वीस कोयते मिळून टोळी, आणि टोळी कुठल्या कारखान्याच्या उसात आहे हे नेमकं ज्याला ठाऊक असतं तो मुकादम. सरांनी म्हणून सगळी कार्डं मुकादमावार लावली होती. पत्ता घेऊन गावात जाल तर कुलूप भेटंल, मुकादमाला फोन लावा, बाई भेटंल, असं त्यांचं म्हणणं. मला ते ऐकून कपाळावर हात मारावासा वाटला. जगात कुठल्याही नोंदणीत असा रकाना नसतो. मी तसं म्हटल्यावर काय उत्तर आलं असेल ते लिहायची गरज नाही.

सरांना ‘डाटा’ हा शब्द चालत नसे. बाया म्हणा, म्हणायचे, आणि गडी म्हणा. त्यामुळं आमच्या खोलीत फार चमत्कारिक बोलणी चालत. एकच बाई माहेरच्या नावानं एकदा, सासरच्या नावानं एकदा आणि रेशनकार्डावरच्या तिसऱ्याच नावानं एकदा नोंदलेली असे. अशा नोंदी ओळखून जुळवणारं साधन मी बनवत होते. मी उत्साहानं सांगायचे, सर, आज सतरा डुप्लिकेट निघाल्या. सर म्हणायचे, बाई डुप्लिकेट नसती. मग त्या सतराही जोड्या एकेक करून ते माझ्याशी भांडत तपासायचे. एकदा माझ्या साधनानं एकाच गावातल्या दोघी सख्ख्या जावा एक करून टाकल्या. दोघींच्या सासरच्या नावांत एका अक्षराचा फरक, नवऱ्यांची नावं जवळजवळ सारखी, वय सारखं. सरांनी ते पकडलं. महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की आमच्या कॉम्प्युटरबाईंनी दोन बायांची एक केली, आता एकीचं जेवण वाचलं.

हे ऐकून लोक हसायचे. मला हसू येत नसे.

चष्म्याचं प्रकरण तर मला पहिले सहा महिने कळलंच नव्हतं. सर मुकादमांना फोन करायचे, ते सगळ्या खोलीला ऐकू जायचे. काय बे मुकादम, तुझ्या टोळीत अमकी बाई हाय न्हवं, तिचा चष्मा तयार झालाय, लावून दे तिला. मला वाटायचं, हा माणूस फावल्या वेळात डोळ्यांचं शिबिरही चालवतो. पुढं कळलं की चष्मा म्हणजे तपासणीचा अहवाल वाईट आला आहे, बाईनं ताबडतोब यायचं आहे.

यामागं एक जुनी गोष्ट होती. सरांनी ती मला एकदाच सांगितली, आणि तीही भिंतीकडं बघत. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका मुकादमाला फोनवर खरा आजार सांगितला होता. मुकादमानं त्याच दिवशी तो कोयता टोळीतून काढून टाकला, नवऱ्यानं बायकोला माहेरी नेऊन सोडली, आणि ती बाई उपचारांना आलीच नाही. तेव्हापासून सर चष्मा म्हणतात. ऊस पट्ट्यातले सगळे मुकादम त्यांना चष्म्याचे डॉक्टर म्हणून ओळखत. एकदा धारूरकडचा एक मुकादम म्हाताऱ्या आईला घेऊन दारात उभा राहिला, म्हणाला, लई जणींला दिला तुमी, माझ्या मायला बी द्या. मला वाटलं आता फुटलं. सरांनी म्हातारीला हाताला धरून शेजारच्या नेत्रविभागात नेलं, रांगेत उभं केलं आणि खरोखर चष्मा मिळवून दिला. खोटं बोलावं तर नीट बोलावं, असं वर मलाच ऐकवलं.

आता फंडाच्या अर्जाकडं येते, कारण माझे निम्मे पांढरे केस त्या अर्जांचे आहेत.

फंड मागायचा अर्ज कसा लिहितात, हे मला चांगलं येत होतं. त्याची एक भाषा असते. सरांनी मात्र नियम केला होता की अर्जातला प्रत्येक परिच्छेद आधी मराठीत लिहायचा आणि गयाबाईंना वाचून दाखवायचा. गयाबाई आमच्या खोलीची झाडलोट करत. तरुणपणी बारा-तेरा वर्षं त्यांनी ऊस तोडला होता, आणि गुडघे गेल्यावर त्या इथं लागल्या. त्यांना कळलं नाही तो परिच्छेद बाद. त्यांनी काही विचारलं तर त्याचं उत्तर अर्जात घालायचं. अर्ज पाठवायला दोन दिवस उरलेत, चाळीस पानं व्हायचीत, आणि मी खुर्चीवर बसून एका झाडू धरलेल्या बाईंना ‘माहितीच्या देवाणघेवाणीची प्रमाणित पद्धत’ समजावून सांगतेय, हे दृश्य डोळ्यांपुढं आणा. गयाबाई शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, म्हंजी आमची माहिती दुसऱ्या गावाला जाणार का? जाणार. मंग आमाला काय कळणार? मी सरांकडं बघायचे. सर लाल पेनाचं टोपण काढायचे.

साधनाला नाव द्यायचं होतं. सगळ्यांच्या साधनांना इंग्रजी आद्याक्षरांची चकचकीत नावं असतात. मी तीन-चार सुचवली. सरांनी नाव ठेवलं, वही. शेवटी गेलं तेच. संस्थेकडून पत्र आलं, त्यात विचारलं होतं की वही हे कशाचं संक्षिप्त रूप आहे. मी दोन दिवस घालवून त्या दोन अक्षरांमागं चार इंग्रजी शब्द उभे केले. सरांनी ते वाचून विचारलं, आपण खोटं कावून बोलतोय? चष्मेवाल्या माणसानं हे मला विचारावं.

तर मुकादमाचा रकाना. कार्डं संगणकावर चढवायची वेळ आली तेव्हा आमचं जे भांडण झालं ते सगळ्या दवाखान्यात गाजलं. सरांना ‘वही’त मुकादमाच्या नावाचा आणि फोनचा रकाना हवा होता. संस्थेच्या नमुन्यात तो नव्हता. मी म्हटलं, सर, हा तिसऱ्याच माणसाचा नंबर, त्याची परवानगी नाही. बाईच्या आजाराच्या कागदाशेजारी ज्याच्या हातात तिचं काम आहे त्याचं नाव लिहिणं धोक्याचं आहे, उद्या ही माहिती फुटली तर? हा मुद्दा बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. सर म्हणाले, पंधरा वर्षं खोक्यातून काय फुटलं? मी म्हटलं, खोकं एका कपाटात होतं, हे संस्थेच्या पाच शहरांतल्या संगणकांवर जाणार. त्यावर ते म्हणाले, मग कुलूप बनवा, पण रकाना पायजे. कुलूप बनवायला दोन महिने लागले असते. माझ्याकडं तीन आठवडे होते. मी मान डोलावली.

त्याच सुमारास सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. चष्म्याच्या डॉक्टरांना मोतीबिंदू, यावर दवाखान्यात हवे तेवढे विनोद झाले. आधी एक डोळा, मग दुसरा, मध्ये गुंतागुंत, असे ते दीड-दोन महिने घरी होते. दिवाळी होऊन गेली होती. मी त्या शांततेत भराभर कामं उरकली. रकाना टाकला नाही. कार्डं नमुन्याप्रमाणं गावावार लावून चढवली आणि मूळ कार्डं छायाप्रती काढायला दुसऱ्या शहरात पाठवून दिली. खोकी रद्दीत गेली. आणि आणखी एक केलं. संस्थेला किती फायली पूर्ण झाल्या याचा आकडा हवा असायचा, आणि आमच्या बऱ्याच फायली वर्षानुवर्षं उघड्याच राहायच्या. मी नियम घातला की तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करून कुणी उचलला नाही तर फाईल आपोआप बंद होईल, शेरा पडेल ‘संपर्क तुटला’. असे नियम सगळीकडं असतात. आमच्या नोंदी भरणाऱ्या दोघी मुली रोज अकरा ते एक या वेळात फोन लावत. मला तेव्हा माझ्या कामाचा अभिमान वाटला होता.

नंतर काय झालं ते सांगायच्या आधी फंडाचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपेल. फेब्रुवारीत दुसऱ्या टप्प्यासाठी संस्थेच्या समितीबरोबर बैठक होती, पडद्यावरून. त्या दिवशी सकाळी मी ‘वही’ उघडली तर बंद झालेली एकूण एक फाईल उघडी. सरांना संगणकातलं एकच बटण येत होतं, बंद फाईल उघडायचं, आणि ते त्यांनी मन लावून वापरलं होतं. बैठकीत समितीतल्या बाईंनी सभ्यपणे विचारलं की आकडा एकदम शून्यावर कसा आला. सरांनी इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडं कुठलीही बाई बंद होत नाही. बाई गोंधळल्या. त्यांनी मला विचारलं, की तंत्राच्या बाजूनं तुम्ही सांगा, ही वापरणाऱ्याची चूक आहे का?

मी हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्या स्वतःच मला दोर टाकत होत्या. मी म्हटलं, चूक माझी आहे, तो नियम मी घातला होता, तो आम्ही काढून टाकलाय, आणि आम्हाला आणखी एक रकाना घालायचाय, जो तुमच्या नमुन्यात नाही. तो कुलपात राहील आणि बाईनं हो म्हटलं तरच भरला जाईल. मग अर्धा तास प्रश्न झाले. दुसरा टप्पा त्या वर्षी मिळाला नाही. दोघी मुलींना कमी करावं लागलं, त्यातल्या एकीचं लग्न तोंडावर होतं. रकाना आणि कुलूप मी नंतर जमेल तसं, फंडाशिवाय, रखडत पूर्ण केलं. सर पुढच्या वर्षी काम सोडून गेवराईजवळ त्यांच्या गावी राहायला गेले. तिथून आजही आठवड्याला फोन करून भंडावतात. आई मला अजून विचारते की त्या दिवशी तोंड उघडायची काय गरज होती. तिला मी खरं कारण सांगितलेलं नाही. ते असं.

सर ऑपरेशननंतर काळा गॉगल लावून पहिल्यांदा खोलीत आले ते जानेवारीत. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, शोभाला निरोप गेला का? तिचं खरं नाव मी लिहीत नाही, शोभा म्हणू. स्तनात गाठ होती, वय पस्तिशीच्या आत. दिवाळीच्या आधी तिच्या गाठीतला तुकडा तपासायला घेतला होता, अहवाल यायच्या आत टोळी निघाली, आणि सरांनी तिला सांगितलं होतं की जे असंल ते कळवीन. मी ‘वही’ उघडली. अहवाल वाईट होता. फाईल महिन्यापूर्वीच बंद झाली होती. संपर्क तुटला.

फाईलमधला तिचा नंबर लावला, तो आता बंद लागत होता. मुकादम कोण, सरांनी विचारलं. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. कार्डाच्या कोपऱ्यात होतं, आणि कार्ड दुसऱ्या शहरातल्या कुठल्याशा गठ्ठ्यात होतं.

मला वाटलं आता आकाश कोसळणार. सरांनी आवाजही चढवला नाही. त्यांना आठवत होते तेवढ्या मुकादमांचे नंबर ते तोंडानं सांगत गेले आणि मी लावत गेले, कारण त्यांना आकडे दिसत नव्हते. तीन दिवस हेच. माझ्या फोनवरून माझ्या आवाजात मी अनोळखी मुकादमांना विचारत होते की अमक्या गावची शोभा तुमच्या टोळीत आहे का, तिचा चष्मा तयार झालाय. काहींनी शिव्या दिल्या. काहींनी आपल्या चष्म्याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक जण म्हणाला, हाय की, पण तिला कशाला पायजे चष्मा, कोयता तर बरुबर चालतो तिचा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दवाखान्याची जीप घेऊन आम्ही निघालो. कारखाना कर्नाटकाच्या शिवेजवळ होता. ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवायचं म्हटलं तर सर म्हणाले, चालव बे, चहा काय पळून चाललाय? त्यांच्या खिशात एक चष्मा होता, त्यांचा स्वतःचाच जुना, ऑपरेशनमुळं निरुपयोगी झालेला. मी त्या वेळी एवढी भेदरलेली होते, तरी मला त्याचाही राग आला. बाईला कॅन्सर आहे आणि हा माणूस नाटकाचं सामान घेऊन निघालाय.

दुपारी पोचलो. उसाच्या पाचटाच्या खोपी रिकाम्या होत्या, माणसं उसात. मुकादमानं मोटारसायकल पुढं घातली आणि आम्हाला फडात नेलं. शोभा डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरकडं चालली होती. मुकादम लांबूनच ओरडला की चष्म्याचे डॉक्टर आलेत. ती थांबली. मोळी खाली टाकली, पदरानं तोंड पुसलं, आणि सरांनी पुढं केलेला चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला. सगळी टोळी बघत होती. तो पुरुषी, काळ्या जाड काडीचा चष्मा लावून तिनं उसाकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं, मग नवऱ्याला म्हणाली,

“लंबर बरुबर न्हाई. डॉक्टरासंगं जाऊन बदलून आणते.”

नवरा कुरकुरला. मुकादम म्हणाला दोन दिवसांच्या वर न्हाई. ती खोपीत गेली आणि मिनिटाभरात गाठोडं घेऊन बाहेर आली. एवढ्या लवकर कुणी गाठोडं बांधत नाही. ते बांधलेलंच होतं.

शोभाचे उपचार झाले. उशीर झाला होता, हाताबाहेर गेलं नव्हतं. तिच्या जागी तिची जाऊ कोयत्याला गेली, आणि त्या दोन दिवसांचे चार महिने कसे झाले हे नवऱ्याला आणि मुकादमाला समजावण्यात सरांनी आणखी किती प्रकारचे चष्मे सांगितले ते मी विचारलं नाही. पण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेवरचं.

गाडी कारखान्याच्या कमानीतून बाहेर पडली तसा तिनं चष्मा काढला, पुसला आणि सरांच्या हातात दिला.

“घ्या सर. माझे डोळे चांगले हायती. गाठच हाय न्हवं?”

सरांनी मान हलवली. मग विचारलं, तुला कसं कळलं.

“आमाला सगळ्या बायांना ठाऊक हाय, चष्मा आला म्हंजी काय. लई वर्सांपासून. गड्यांना न्हाई सांगत आमी.”

मी सरांकडं पाहिलं. पंधरा वर्षं या माणसाला वाटत होतं की बायांना तो सांभाळतोय. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता, नंतरही नाही. गॉगलखालून पाणी आलं, ते ऑपरेशनचं असेल. मला त्या क्षणी त्यांची माया आली, आणि थोडं बरंही वाटलं, की चला, एकदा तरी यांचं चुकलं. मी तेवढ्यावर सुटले असते. पण शोभा माझ्याकडं वळली. दवाखान्यातून फोन करता ते तुमीच का, विचारलं तिनं. मी म्हटलं, आमच्या मुली करतात, पण माझ्याच सांगण्यावरून.

“तीनदा वाजला बघा,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, झालं ते सांगत होती. “दिसा आमी फडात, फोन खोपीत. शेजारची म्हातारी सांगायची, वाजला म्हणून. मग मी नवऱ्याकडून मागून घेतला. कमरंला बांधून ऊस तोडला महिनाभर, रिचार्ज संपंस्तोवर. म्हटलं, चौथ्यांदा वाजंल.”